रिमोट बोलतो, पण ऐकत नाही

आंब्याच्या हंगामात नवी मुंबईतील एपीएमसी मार्केटच्या फळबाजारात पहाटे फेरफटका मारणाऱ्यांनी एक दृश्य पाहिले असेल. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटे दाबून पेटीचा भाव ठरवितात. तोंडाने कोणी आकडा उच्चारत नाही. शेजारच्या माणसाला रुमाल हलताना दिसतो, एवढेच. बोटांच्या दाबाला ठरलेले अर्थ असतात आणि ते दोघांनाही आधीपासून ठाऊक असतात.

हे दृश्य पाहून विज्ञानाच्या शिक्षकाला घरातला रिमोट आठवावा. तेथेही बोटाने दाबायचे असते, डोळ्यांना न दिसणारी खूण असते आणि तिचा अर्थ देणाऱ्या-घेणाऱ्यांत आधीच ठरलेला असतो. मात्र दोहोंत एक मोठा फरक आहे. रुमालाखाली दोन हात असतात. पहिल्याने दाबले की दुसरा हात उलट दाबून होकार देतो, नकार देतो किंवा आपला आकडा सांगतो. रिमोटच्या व्यवहारात दुसरा हात नाही. रिमोट आज्ञा सोडतो आणि गप्प बसतो. ती पोचली की नाही, पाळली गेली की नाही, हे त्याला कधीच कळत नाही. घरात एकच दूरदर्शन संच होता तोवर या उणिवेने कोणाचे काही बिघडले नाही. आता होम थिएटर आणि खोल्याखोल्यांतून वाजणारी ध्वनियंत्रणा एकाच रिमोटवर बसविण्याची हौस वाढली आहे, तेव्हा या उणिवेची झडती घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

एका घरातील दुपार

एपीएमसी मार्केटपासून पायी दहा मिनिटांवर आमच्या परिचयाचे एक कुटुंब राहते. थोरले काका भाजीबाजारातल्या एका गाळ्यावर काम करतात. भाजीच्या गाड्या रात्रभर येत असतात आणि पहाटे बाजार भरात असतो, त्यामुळे काकांची रात्र बाजारात व झोप दिवसा, आतल्या खोलीत. घरात आजी आहेत, दोन भावांचे संसार आहेत आणि अभियांत्रिकीला शिकणारा एक पुतण्या आहे. पुतण्याने हौसेने बैठकीच्या खोलीत दूरदर्शन संच, सेट-टॉप बॉक्स आणि दोन विभागांचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला. पहिला विभाग बैठकीसाठी, दुसरा आतल्या खोलीसाठी. मग त्याने चार रिमोट बाजूला ठेवून एक 'सर्वकामी' रिमोट आणला व त्यावर 'सिनेमा', 'गाणी', 'बातम्या' अशी बटणे तयार केली. एक बटण दाबले की पाच-सहा आज्ञा एकामागून एक सुटाव्यात, अशी रचना होती.

एके दुपारी आजींनी 'बातम्या' दाबले. संच लागला नाही, पण काका झोपले होते त्या खोलीत मोठ्या आवाजात गाणे सुरू झाले. काका दचकून उठले. आजी घाबरल्या, त्यांनी तेच बटण पुन्हा दाबले आणि गोंधळ वाढला. शेवटी कोणीतरी विजेचे बटणच बंद केले.

चूक कोणाची? घरच्यांनी ती आजींच्या माथी मारली. आम्ही सारा प्रकार पुतण्याबरोबर बसून तपासला. आदल्या रात्री त्याने आतल्या खोलीत गाणी ऐकली होती आणि निजताना रिमोट हाताशी नव्हता, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरवरचेच बटण दाबून दुसरा विभाग बंद केला होता. रिमोटच्या स्मृतीत मात्र 'आतली खोली चालू' अशीच नोंद राहिली. 'बातम्या' दाबल्यावर आतली खोली बंद करण्यासाठी रिमोटने त्या विभागाला 'चालू-बंद'ची आज्ञा धाडली. विभाग बंद होता, तो चालू झाला. संचाच्या बाबतीत असेच उलटे घडले. आजींनी दाबलेले बटण अगदी बरोबर होते.

संकेत कसा जातो

रिमोटच्या टोकाशी असलेला लहानसा दिवा अवरक्त प्रकाश देतो. त्याची तरंगलांबी बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपास असते. आपल्या डोळ्यांची मजल साधारण ७०० ते ७५० नॅनोमीटरपर्यंतच असल्याने तो आपल्याला दिसत नाही. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण भरपूर असतात आणि दिव्यांच्या प्रकाशाचीही उघडझाप होत असते. या गर्दीत रिमोटचा आवाज वेगळा ओळखू यावा म्हणून हा दिवा सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकवितात. संचातील संवेदक तेवढ्याच वारंवारतेकडे लक्ष ठेवतो व बाकीचा प्रकाश सोडून देतो.

या लुकलुकीचे तुकडे पाडून संकेत बनतो. एनईसी या जपानी कंपनीची पद्धत फार प्रचलित आहे. तीत आरंभी ९ मिलिसेकंदांचा लांब स्पंद व ४.५ मिलिसेकंदांची शांतता असते. ही जणू 'अहो, ऐका' अशी हाक. पुढे ३२ बिट येतात. प्रत्येक बिटाचा स्पंद सारखाच, सुमारे ०.५६ मिलिसेकंदाचा. त्यानंतरची शांतता आखूड असेल तर शून्य, लांब असेल तर एक. शून्याला एकूण १.१२५ आणि एकाला २.२५ मिलिसेकंद लागतात. ३२ पैकी पहिले ८ बिट यंत्राचा पत्ता सांगतात व पुढचे ८ तोच पत्ता उलटा करून सांगतात. मग ८ बिटांची आज्ञा आणि पुन्हा तीच उलटी. म्हणजे कोणतीही आज्ञा असो, त्यात १६ शून्ये आणि १६ एक असणारच. एकूण वेळ किती, हा हिशेब नववीचा विद्यार्थीही करील. १६ गुणिले ३.३७५ म्हणजे ५४, त्यात आरंभीचे १३.५ मिळविले की ६७.५ मिलिसेकंद.

तीच गोष्ट उलटी करून पुन्हा सांगण्याचे कारण सुबोध आहे. दोन्ही भाग जुळले नाहीत, तर वाटेत कोणीतरी आडवे आले असे समजून यंत्र तो संकेत टाकून देते. ही खबरदारी चांगलीच आहे. पण संकेत टाकून दिल्याचे यंत्र रिमोटला कळवीत नाही. आमची तक्रार नेमकी येथे आहे. चूक ओळखण्याची सोय केली, ती सांगण्याची केली नाही.

हा दोष आजचा नव्हे. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० मध्ये 'लेझी बोन्स' नावाचे तारेने जोडलेले नियंत्रक काढले. १९५५ मध्ये युजीन पॉली यांचे 'फ्लॅश-मॅटिक' आले. त्यात विजेरीसारखा झोत पडद्याच्या कोपऱ्यांवर टाकावा लागे, आणि ऊन पडले तर उन्हालाही संच प्रतिसाद देई. १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलर यांनी ध्वनीचा मार्ग धरला. बटण दाबले की लहानशी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर बसे आणि कानाला न ऐकू येणारा स्वर निघे. त्या रिमोटला विजेचे सेलही लागत नसत. पण किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी वाहिनी बदलण्याचा संभव असे. पुढे अवरक्त किरणांनी हे उपद्रव कमी केले. प्रत्येक पिढीने बोलणे अधिक स्पष्ट केले, ऐकण्याचा विचार मात्र मागे राहिला.

शिकाऊ रिमोटची पोपटपंची

अनेक रिमोटांऐवजी एक असावा ही कल्पना १९८० च्या दशकातली. ॲपल संगणकाचे एक जनक स्टीव्ह वॉझ्नियाक यांच्या कंपनीने १९८७ मध्ये 'कोअर' नावाचा असा रिमोट आणला होता. असे रिमोट दोन रीतींनी तयार होतात. एक, कंपनीने भरून दिलेल्या संकेतांच्या कोष्टकातून. दुसरी, 'शिकवून', म्हणजे जुना रिमोट समोर धरून त्याची लुकलुक नव्यात साठविणे.

हे शिकणे म्हणजे पाठांतर आहे, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. फिलिप्स कंपनीच्या 'आरसी-५' पद्धतीचे उदाहरण पाहा. तीत १४ बिटांचा संकेत असतो आणि त्यातील एक बिट दर नव्या दाबाला उलटते. बटण एकदाच धरून ठेवले आहे की सोडून पुन्हा दाबले आहे, हे संचाला त्यावरून समजते. शिकाऊ रिमोटने लुकलुक जशीच्या तशी साठविली, तर हे बिट गोठते. मग आपण '२' हे बटण दोनदा दाबले तरी संचाला ते एकच लांब दाबणे वाटते आणि २२ क्रमांकाची वाहिनी काही लागत नाही. नक्कल बिनचूक असूनही उत्तर चुकते, कारण नियम न समजता केवळ रूप उचलले.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. जुन्या रिमोटवर जे बटण नाही, ते नवा शिकणार कोठून? अनेक अ‍ॅम्प्लिफायरांना व संचांना 'चालू हो' आणि 'बंद हो' अशा दोन स्वतंत्र आज्ञा कळतात. पण सोबतच्या रिमोटवर जागा वाचविण्यासाठी एकच बटण दिलेले असते. ते चालूचे बंद आणि बंदचे चालू करते. स्वतंत्र आज्ञा यंत्रात असतात आणि घरमालकाला त्यांचा पत्ता नसतो.

सम आणि विषम

एकाच बटणाने चालू-बंद करण्यात वाईट काय? एका खोलीत काहीच नाही. बटण दाबून दिवा लागला की विझला, ते डोळ्यांना दिसते आणि चूक असेल तर आपण पुन्हा दाबतो. रिमोटला जे कळत नाही, ते आपला डोळा भरून काढतो. परिणामाची बातमी आज्ञा देणाऱ्याकडे परत येणे, याला पुनर्भरण किंवा फीडबॅक म्हणतात. आजवर रिमोट चालला तो माणूस समोर बसलेला होता म्हणून. भिंतीपलीकडल्या खोलीतील ध्वनिक्षेपक डोळ्यांना दिसत नाही, आणि बटण दाबणाऱ्याला जो आवाज नको आहे तो दुसऱ्याच्या कानांवर पडतो. पुनर्भरणाचा हा उसना मार्ग तेथे तुटतो.

गणिताच्या भाषेत सांगायचे, तर अशा बटणाचा हिशेब सम-विषमाचा आहे. बंद यंत्रावर आज्ञा सम वेळा पोचली तर ते बंद राहते, विषम वेळा पोचली तर चालू होते. मधली एकच आज्ञा हुकली की तेथून पुढचे सारे उलटे. ती चूक आपोआप कधीच सुधारत नाही. 'इनपुट'चे बटण तर याहून खट्याळ. चार जोडण्या असतील तर ते घड्याळाच्या काट्याप्रमाणे चारांच्या फेऱ्यात फिरते, आणि आपण कोठून निघालो हे ठाऊक नसेल तर कोठे पोचू ते सांगता येत नाही. याउलट 'बंद हो' ही स्वतंत्र आज्ञा एकदा दिली काय आणि दहादा दिली काय, फळ एकच.

एका बटणामागे सहा आज्ञा आहेत आणि प्रत्येक आज्ञा पोचण्याची शक्यता ९८ टक्के आहे असे धरू. सहाही पोचण्याची शक्यता ०.९८ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ०.८९. नऊ वेळांतून साधारण एकदा काहीतरी चुकणार. समोरून कोणी गेले, रिमोट आज्ञा सुटत असतानाच खाली ठेवला, अशी साधी कारणे पुरतात. बटणे कमी केली की काम सोपे झाले, असा जो समज आहे तो येथे खोटा ठरतो. गुंतागुंत बटणाच्या मागे सरकते आणि दृष्टिआड होते.

या अडचणीवर लॉजिटेक कंपनीच्या 'हार्मनी' रिमोटांनी काढलेला तोडगा बोधप्रद होता. त्यांत 'मदत' नावाचे बटण असे. ते दाबले की रिमोट विचारी, 'संच चालू आहे का?' आपण 'नाही' म्हटले की तो पुन्हा आज्ञा धाडी. ऐकण्याचे इंद्रिय यंत्रात नाही, म्हणून माणसालाच त्याचे डोळे आणि कान बनविले. आम्हांस हा तोडगा प्रामाणिक वाटतो, कारण रोग कोठे आहे हे त्याने कबूल केले. तरी तो अपुराच, कारण बैठकीत बसलेल्या आजी आतल्या खोलीबद्दल काय उत्तर देणार? २०२१ मध्ये या कंपनीने हे रिमोट बनविणे थांबवीत असल्याचे जाहीर केले.

अवरक्त रिमोटचे गुणही मान्य केले पाहिजेत. तो स्वस्त आहे, दोन लहान सेलांवर महिनोन्‌महिने चालतो, आणि त्याचा प्रकाश भिंतीपार जात नाही म्हणून शेजाऱ्याचा संच आपल्या हातून बदलत नाही. दाटीवाटीच्या इमारतींत हा मोठाच गुण आहे. मात्र एका खोलीचा हा गुण अनेक खोल्यांच्या यंत्रणेत अडचण होतो. मग आतल्या खोलीत संवेदक, तेथून तार आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी चिकटविलेला लहानसा दिवा, असा पूल बांधावा लागतो. आणि हा पूलही एकाच दिशेने चालतो.

घर सर्वांचे, किल्ली एकाची

आता पुन्हा रुमालाकडे येऊ. रुमालाखालचा सौदा दुतर्फी असतो हे खरे, पण त्याच्यावर शेतकऱ्यांचा जुना आक्षेप आहे. माल ज्याचा, त्यालाच भाव कसा ठरला ते दिसत नाही. बाजार समित्यांच्या नियमांना उघड लिलाव अपेक्षित आहे, तो यासाठीच. दोघांना समजते म्हणून व्यवहार चोख झाला असे नाही. ज्यांचे हित त्यात गुंतले आहे, त्या सर्वांना तो दिसला पाहिजे.

घरातील यंत्रणेलाही हीच कसोटी लावावी असे आम्हांस वाटते. त्या घरात बटणांमागचे संकेत फक्त पुतण्याला ठाऊक होते. तो महाविद्यालयात गेला की घर मुके. त्या दुपारनंतर आजींनी रिमोटला हात लावणे सोडले. 'मला नाही बाई जमत' असे त्या म्हणू लागल्या. ज्या बाईने आयुष्यभर घर चालविले, तिला एका सदोष रचनेने अडाणी ठरविले, आणि तिनेही ते मान्य केले. काकांच्या मोडलेल्या झोपेपेक्षा हे नुकसान आम्हांस मोठे वाटते. वर्गातही असे घडते. उपकरण नीट नसले की प्रयोग फसतो आणि विद्यार्थी समजतो, आपल्यालाच विज्ञान येत नाही.

मोबाइलवरून चालणाऱ्या नव्या यंत्रणांनी हा प्रश्न निम्मा सोडविला आहे. वाय-फायवरील ध्वनिक्षेपक आपली स्थिती परत कळवितात. एचडीएमआय तारेतील 'सीईसी' नावाच्या मार्गानेही यंत्रे एकमेकांना 'तू चालू आहेस का?' असे विचारू शकतात. म्हणजे रुमालाखाली दुसरा हात आला. पण किल्ली ज्याच्या मोबाइलमध्ये, तोच धनी. तो बाहेर गेला की इतर पुन्हा पाहुणे. शिवाय काही यंत्रणा दूरच्या कंपनीच्या संगणकावर विसंबून असतात. तो बंद झाला तर घरातली वस्तू घरातच परकी होते.

त्या घरात पुढे काय केले ते सांगतो. पुतण्याने अ‍ॅम्प्लिफायरच्या 'चालू' व 'बंद' या स्वतंत्र आज्ञांचे संकेत कोष्टकातून शोधून काढले आणि सर्व बटणांत तेच घातले. प्रत्येक बटणाच्या आरंभी 'दुसरा विभाग बंद' ही आज्ञा ठेवली. आतली खोली चालू करण्याचे बटण वेगळे व एकटे ठेवले. दुसऱ्या विभागाचा आरंभीचा आवाज अगदी कमी ठेवला, म्हणजे चूक झालीच तरी ती हळू आवाजात होईल. आणि कोणते बटण काय करते ते मराठीत, ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावले. हे लिहिताना त्याच्या स्वतःच्याच दोन चुका सापडल्या. आजी आता रोज बातम्या लावतात.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचा दिवा त्यासमोर धरावा आणि बटण दाबावे. पडद्यावर जांभळट-पांढरा दिवा लुकलुकताना दिसेल. काही मोबाइलांच्या मागील कॅमेऱ्यात अवरक्त किरण अडविणारी गाळणी असते. तेव्हा पुढचा कॅमेरा वापरावा.

२. रिमोट संचाकडे न धरता भिंतीकडे, छताकडे, आरशाकडे धरून पाहावे. मध्ये तळहात, कागद, पातळ कापड, पाण्याचा पेला ठेवावा. कशातून आज्ञा पोचते याची नोंद विद्यार्थ्यांनी स्वतः करावी.

३. एका मुलाने वर्गाकडे पाठ करून 'रिमोट' व्हावे, दुसऱ्याने वर्गाच्या मागे 'यंत्र' व्हावे. एक टाळी म्हणजे उभा असल्यास बस, बसला असल्यास उठ. मधूनमधून बाकीच्यांनी गलका करून टाळी बुडवावी. दहा टाळ्यांनंतर रिमोटने यंत्राची स्थिती सांगावी. मग टाळीऐवजी 'ऊठ' आणि 'बस' असे शब्द वापरून खेळ पुन्हा खेळावा. तिसऱ्यांदा यंत्राने दर आज्ञेनंतर 'उठलो' किंवा 'बसलो' असे मोठ्याने सांगावे. तिन्ही खेळांतील चुका फळ्यावर मांडून तुलना करावी.

शाळेत रिमोटचा उल्लेख बहुधा 'अवरक्त किरणांचा उपयोग' म्हणून एका ओळीत येऊन संपतो. ती ओळ बरोबर आहे, पण त्यात किरणांची माहिती आहे, नियंत्रणाची नाही. तिसऱ्या खेळानंतर विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे की शाळेतील पाण्याचा पंप, घंटा, ध्वनिक्षेपक, यांपैकी कोणाला आपली आज्ञा पाळली गेल्याचे सांगता येते आणि कोणाला नाही. उत्तरे शोधायला मुले वर्गाबाहेर पडतील, आणि तेथून खरा पाठ सुरू होईल.